शेवटची पंगत, मानेसरच्या पुढे

दिल्लीला जाऊन आले म्हटल्यावर गावातल्या बायका विचारतात, लाल किल्ला पाहिलात का, कुतुबमिनार केवढा उंच आहे हो. मी सांगते, बाई गं, मी यातलं काहीएक पाहिलं नाही. मी एक हिरवळ पाहिली, एक कोरडी विहीर पाहिली आणि मुली झोपतात ती खोली पाहिली. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. त्यांचं तरी काय चुकलं? एवढा रेल्वेचा प्रवास करून कोणी विहीर बघायला जातं का? मी गेले. आणि जाताना जेवढी गोंधळलेली होते, त्याच्या दुप्पट गोंधळून आले. लिहिता लिहिता तरी गुंता सुटेल म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी आमचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोकणात समुद्राकाठी आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. मुलं शिकून बाहेर गेली, खोल्या रिकाम्या पडल्या. ह्यांच्या एका मित्राने मुंबईची माणसं चार दिवस राहायला पाठवली, ती जाताना आणखी चौघांना सांगून गेली, आणि बघता बघता आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली. समुद्र फुकटचा, बाकी सगळं माझ्या जिवावर. मदतीला गावातल्या बायका असतात. त्यात मुख्य कुसुम. ती नसली तर माझा हातच मोडला म्हणायचा.

सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या घरात एक रीत आहे. पाहुणे आधी जेवतात. मग शेवटच्या पंगतीला मी आणि कामाच्या बायका एकत्र बसतो, त्याच पातेल्यातलं, उरलं असेल ते. आमटी संपली तर सगळ्यांचीच संपते. आणि वाडीत विहीर आहे. वैशाखातही तिचं पाणी आटत नाही. शेजारची घरंही तिच्यावरच आहेत. आंघोळीचं पाणी पाटाने केळींना जातं नि भांड्यांचं अळवाला. पाहुणे त्याच अळवाचं फदफदं मिटक्या मारत खातात.

अशा आमच्या वाडीवर दिल्लीच्या एका कंपनीचा डोळा गेला. त्यांचा खन्ना नावाचा माणूस येऊन दोन दिवस राहिला. गोड बोलणारा, आमच्या सोलकढीवर फिदा. वाडी आणि वरचा कातळाचा सडा त्यांना दीर्घ मुदतीने भाड्याने हवा होता. रिसॉर्ट बांधणार, पोहायचा तलाव करणार, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात देणार, गावातल्या मुलींना नोकऱ्या देणार. कुसुमची रेखा नुकतीच बारावी झाली होती. तिला बघून म्हणाला, ‘‘ये लडकी तो रिसेप्शनपे चाहिए!’’ त्या दिवसापासून रेखा केसांची निराळीच वेणी घालायला लागली.

‘‘आधी आमचं दिल्लीजवळचं रिसॉर्ट बघून या, मग सही करा,’’ असं खन्नाने सुचवलं. जाण्यायेण्याची सोय कंपनीची. हे जाणार होते, पण ऐन वेळी ह्यांची कंबर धरली. म्हणून मे महिन्याची गर्दी सुरू व्हायच्या आत मीच निघाले. हे म्हणाले, ‘‘खोल्या, तलाव, जेवणघर, सगळं डोळसपणे बघ. आणि तिथे उगाच कोणाशी वाद घालू नकोस.’’ कुसुम मात्र स्टेशनवर जायच्या रिक्षापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘‘काकू, बाकीचं काय ते बघा न बघा. तिथल्या मुली कुठे निजतात नि काय जेवतात, तेवढं मात्र बघून या. तुम्ही हो म्हणालात तर पाठवीन पोरीला.’’

म्हणजे बघा, सही ह्यांची, पोर कुसुमची, आणि हो-नाही मात्र माझं.

छावणी

कोकण रेल्वे झाल्यापासून गाडी थेट निजामुद्दीनला. माझा धाकटा भाऊ बापू फौजेत सुभेदार आहे, दिल्ली कॅन्टमध्ये क्वार्टर आहे त्याचं. स्टेशनवर माझी नारळांची गोणी उचलताना म्हणाला, ‘‘आक्का, वाडीच घेऊन आलीस की काय? मग सही कशावर करणार?’’ आणि मग नाकाने हुंगून, ‘‘बांगडे पण आणलेस ना?’’ सुके बांगडे होतेच. आमच्या डब्यातल्या लोकांना ते रत्नागिरीपासून माहीत होते.

बापूची बायको सुनीता सांगलीकडची. ‘‘या वन्सं, आधी हातपाय धुवा, आता पाणी जाईल,’’ हे तिचं पहिलं वाक्य. नळाला वेळेवर येणारं पाणी बादल्या, पिंपं, पातेली, जे सापडेल त्यात भरून ठेवायचं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपडे धुतलेलं पाणी फरशीला. मला ते बघून फार बरं वाटलं. म्हटलं, राजधानीत असलं तरी घर आपलंच आहे.

भाची मनू आठवीत. तिचं मराठी म्हणजे मजाच. ‘‘आत्या, तुमच्याकडे चोवीस घंटे पाणी येतं? सच्ची?’’

‘‘येतं कसलं? रहाटाने काढावं लागतं.’’

‘‘रहाट म्हणजे?’’

मी तिला दोरा, रीळ आणि पेला घेऊन रहाट करून दाखवला. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, ‘‘अच्छा! मतलब रोज फुकटची जिम!’’ सुनीता हसून हसून बेजार झाली. मला मात्र कुसुमचे हात आठवले. त्या जिमची फी कोण भरतं ते पोरीला कसं सांगणार?

जेवताना बापूला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, ‘‘देऊन टाक आक्का. किती दिवस राबणार? सगळा देश पुढे चाललाय, तुम्हीच का मागे?’’ मग भात संपवून ताकावर आला तेव्हा म्हणाला, ‘‘पण एक आहे. फौजेत तळ टाकायची जागा बघतात तेव्हा आधी पाणी बघतात, मग लंगर म्हणजे जेवणाची सोय, तंबू शेवटी. तू त्याच क्रमाने बघ.’’

‘‘अरे, पण देऊ की नको?’’

‘‘ते आता मी काय सांगू यार!’’ म्हणाला आणि हात धुवायला उठला. सुभेदार म्हणे.

मानेसरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी खन्ना स्वतः गाडी घेऊन आला. थंडगार गाडी, खिडक्या बंद. गुडगाव लागलं आणि माझी मान इकडून तिकडे फिरायला लागली. काचेच्या उंच उंच इमारती, त्यांच्या शेजारी बांबूच्या परांचींत अजून न झालेल्या इमारती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये डबक्यात आरामात बसलेल्या म्हशी. वसाहतींची नावं सगळी विलायती. एका फलकावर गोरी बाई कुत्र्याला घेऊन हिरवळीवर पळत होती, आणि फलकाच्या सावलीत एक कुटुंब भाकऱ्या भाजत होतं. खन्ना म्हणाला, ‘‘मॅडम, पाच साल पहले यहाँ कुछ नहीं था.’’ मी म्हटलं, म्हशी तर असतील. तो हसला. म्हणाला, ‘‘वो तो थी.’’

मानेसरला कारखान्यांची पाळी सुटत होती. कंपनीच्या बसगाड्यांत पोरं माना टाकून झोपलेली. पुढे गव्हाची कापणी चाललेली, शेतं सोनेरी, हवेत भुसा. मग रस्ता वळला, बोडके डोंगर आले, बाभळी आल्या, आणि अचानक ही हिरवीगार हिरवळ! डोळ्यांना इतकं बरं वाटलं की मी ‘‘अगो बाई!’’ म्हणाले. खन्नाला ते आवडलं.

रिसॉर्टला त्यांनी गावाचं रूप दिलेलं. मातीने लिंपलेल्या भिंती, वर शाकारणी, आत थंड हवेचं यंत्र. दारात बैलगाडी होती, तिला बैल नव्हते. मधोमध निळा तलाव. खोली तर विचारू नका, माझ्या माजघराएवढी न्हाणी. तिथे एक सुबक पाटी होती: पृथ्वीचं पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. मी बापडीने टॉवेल तर पुन्हा वापरलाच, आंघोळसुद्धा बादलीत केली. बादली मागून घ्यावी लागली, ती त्यांच्याकडे चटकन सापडेना.

बाहेर येऊन खन्नाला पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सांडपाणी कुठे जाता है?’’

त्याला वाटलं मी तक्रार करते आहे. मग कळल्यावर त्याने मला मागे नेऊन पाणी शुद्ध करायचं यंत्र दाखवलं. न्हाण्यांचं सगळं पाणी साफ होऊन हिरवळीला जातं, थेंब वाया जात नाही. मी मनात म्हटलं, वा! हे तर आमच्या अळवासारखंच झालं. मग वाटलं, पण अळू खाता तरी येतं. या हिरवळीचं काय करतात? आणि या बोडक्या डोंगरात ती लावायचीच कशाला? पण खन्ना म्हणाला, पाहुणे हिरवळीसाठीच येतात. पाहुणे आले नाहीत तर पन्नास घरांच्या चुली बंद पडतील. त्याचं प्रत्येक उत्तर असंच होतं. विचारताना माझं खरं वाटायचं, ऐकताना त्याचं.

शेवटची पंगत

आणि दुपारी मी तो घोळ घातला.

जेवणघरात टेबलावर इतके प्रकार मांडलेले की नजर ठरेना. दिल्लीची माणसं थाळ्या भरभरून घेत होती. खन्ना म्हणाला, ‘‘आइए मॅडम.’’ मी म्हटलं, ‘‘तुम लोग खाओ. मैं आखरी पंगत में बैठूँगी.’’ आमच्याकडे हे कोणालाही सांगावं लागत नाही. त्याने मान डोलावली, आणि जरा वेळाने माझ्यासमोर कापलेल्या फळांचं ताट आलं. त्याला वाटलं माझा उपास आहे! ताट ठेवून तो फोनवर बोलत बाहेर गेला.

माझ्या टेबलापाशी एक मुलगी उभी राहिली. गोरीपान, गालांवर डोंगरातला लाल रंग, छातीवर नावाची पट्टी: बीना. मी तिच्याकडे बघून हसले, ती माझ्याकडे बघून हसली. पाहुणे जेवून गेले. माणसं टेबलं आवरू लागली, माझं टेबल सोडून. मी वाट बघते आहे की आता ही मंडळी ताटं घेतील नि मी त्यांच्यात जाऊन बसेन. ती वाट बघत आहेत की ही बाई एकदाची जेवेल नि आम्ही सुटू. पोटात कावळे कोकलायला लागले तरी कोणी हलेना. शेवटी बीना वाकून म्हणाली, ‘‘आंटी, आप खा लीजिए ना. फिर हमारी छुट्टी होगी.’’

‘‘तू खा, फिर मैं.’’

‘‘आपने नहीं खाया तो मैं कैसे?’’

‘‘तूने नहीं खाया तो मैं कैसे?’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग दोघींना एकदमच हसू फुटलं. मी उठले, तिचा दंड धरला आणि म्हटलं, चल, तू जेवतेस तिथे मला ने. ती घाबरली, पण तिला भूकही लागलेली होती.

मागच्या भिंतीपलीकडे पत्र्याची लांबलचक शेड. तिथे वेगळी चूल, वेगळं पातेलं: डाळ, भात, बटाटा. मी त्यांच्याबरोबर बाकावर बसून जेवले. खोटं कशाला बोलू, डाळ चांगली होती. पण पुढच्या टेबलांवरचं ते सगळं पनीर, पुलाव, खीर? समोरच दोन माणसं ती भांडी एका खड्ड्यात रिकामी करत होती. अन्नाला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो!

‘‘अगं, ते तुम्ही का नाही खात?’’

‘‘मना है आंटी.’’

नंतर खन्नाला विचारलं तर त्याचं याहीवर उत्तर तयार. कामगारांना उरलेलं खाऊ दिलं तर ते मुद्दाम जास्त शिजवतात. शिवाय शिळं खाऊन कोणी आजारी पडलं तर जबाबदारी कंपनीची. त्यापेक्षा त्यांना रोजचं ताजं वेगळं जेवण. आता यात चूक कुठे आहे ते मला दाखवा. मला तर सापडत नव्हती, आणि तरी पटत नव्हतं.

जेवल्यावर बीनाने मुलींची खोली दाखवली. तीही पत्र्याचीच. एकावर एक पलंग, एकेका पलंगाला दोघी, एकीची पाळी संपली की दुसरी निजते. उकाडा असा की पत्र्याला लावून पापड भाजावेत. पण दोरीवर मोजे ओळीने वाळत घातलेले, भिंतीवर देवांच्या नि नटांच्या चित्रांची एकच गर्दी, आणि आरशाला कोणीतरी चुनरीची झालर लावलेली. मुलींनी मला मधल्या पलंगावर बसवून चहा दिला. बीना गढवालची. म्हणाली, घरी असते तर दोन डोंगर उतरून पाणी भरलं असतं. इथे टाकीला तोटी आहे. भावाची फी पाठवते. आठवड्याला सुट्टी असते, तेव्हा सगळ्या मिळून गुडगावला जातात नि काचेच्या दुकानांतून नुसत्या हिंडतात.

‘‘आपके यहाँ छुट्टी कब होती है, आंटी?’’ तिने सहज विचारलं.

मी आठवायला लागले. सण, सुतक, आजारपण... आठवड्याची अशी सुट्टी कुसुमने कधी मागितली नाही आणि मला कधी सुचली नाही. मी म्हटलं, चहा छान झालाय.

मग मनात आलं ते विचारलं. या खोलीत सगळ्या लांबच्या मुली, याच गावातल्या मुली कुठे आहेत? बीना म्हणाली, त्यांना गोव्याच्या हॉटेलात पाठवतात. मला वाटलं चेष्टा करते. पण खन्नाने तेच सांगितलं. ‘‘लोकल को लोकल जगह नहीं रखते, मॅडम. रोज घर जाना, शादी, मुंडन, भाई बुलाने आ गया... ट्रेनिंग के बाद दूर भेजते हैं. टिकती हैं.’’

‘‘मग आमची रेखा?’’

‘‘यहाँ आएगी! और बीना जैसी कोई आपके समुंदर पे.’’

गढवालची पोर पाहुण्यांना आमच्या सोलकढीची गोष्ट सांगणार, आमची पोर इथे बाजरीच्या रोटीची, आणि इथली गोव्याच्या माशांची. मग प्रवासी नक्की कोण, ती माणसं की या मुली?

सन्तरोची विहीर

संध्याकाळी ‘गाव’ सुरू होतं, म्हणजे पाहुण्यांना गावाचा कार्यक्रम दाखवतात. अंगणात चूल, चुलीपुढे ठसठशीत घागरा नि चांदीचे दागिने घातलेली एक बाई रोट्या थापत होती. पाहुणे फोटो काढत होते. गर्दी ओसरल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि राहवेना म्हणून एक रोटी थापली. माझा हात बघून तिने भुवया उडवल्या. नाव सन्तरो. ती रोट्या थापत बसली होती ती जमीन तिच्याच नवऱ्याची होती, कंपनीने घेतली. चूल साधारण तिच्या जुन्या चुलीच्याच जागी आहे म्हणाली. घागरा मात्र कंपनीचा. घरी ती साधी सलवार-कमीज घालते.

मला तिची दया यायला लागली होती, पण ती दया घ्यायला बसलीच नव्हती. ‘‘सारी उमर रोटी सेकी, किसी ने न सराही. इब फोटू खींचैं सैं!’’ जन्मभर कोणी वाखाणलं नाही नि आता फोटो काढतात, म्हणून खदखदून हसली. मुलाने जीप घेतली, तो पाहुण्यांना डोंगरात फिरवतो. लेक गोव्याला. हो, तीच, खन्नाने सांगितली त्यांतली एक. दिवाळीला येते, दोन दिवस राहते, इंग्रजी बोलते. ‘‘माँ को पहचाणै सै, योहे बहोत सै,’’ म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

सकाळी तिने मला भिंतीपलीकडचं तिचं गाव दाखवलं. मधोमध पिंपळाखाली चिरेबंदी विहीर, आमच्या विहिरीच्या तिप्पट. मी सवयीने काठावर ओणवून आत हाक मारली. आमच्याकडे तसं केलं की पाणी उत्तर देतं. इथे आवाज खाली गेला आणि खालून प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, एक मोडकी खुर्ची वर बघत होती. तेवढ्यात टँकर आला आणि बायका हंडे घेऊन धावल्या.

‘‘किसका टैंकर?’’

‘‘होटल का. भले लोग सैं. मुफत भेज्जैं सैं.’’

‘‘आणि त्यांच्याकडे पाणी कुठून येतं?’’

सन्तरोने पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. कंपनीची बोअर खोल गेली आहे, विहिरीच्या कितीतरी खाली. मग तिने मला विचारलं, ‘‘तेरे कुएँ में पाणी सै?’’

‘‘सै,’’ मी म्हटलं. ‘‘बारा महिने.’’

तिने डोक्यावरचा हंडा सावरला आणि एखाद्या खुळीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. ‘‘फेर तू उरै के देखण आई सै?’’

म्हणजे, मग तू इथे बघायला आलीस तरी काय! खन्नाने निघताना विचारलं, कैसा लगा? मी म्हटलं, डाळ चांगली होती.

काला अंब

मराठी माणूस दिल्लीला येऊन पानिपतला गेला नाही तर बापूला झोप लागत नाही, म्हणून त्याने मला काला अंबला नेलं. लढाईच्या स्मारकापुढे उभी राहिले, हात जोडले, डोळे भरून आले. तेवढ्यात आपल्याकडचीच एक प्रवासी बस आली. मंडळींनी जयजयकार केला, फोटो काढले, त्यांच्या आचाऱ्याने वाढलेली पुरी-भाजी खाल्ली आणि द्रोण-पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले तिथेच टाकून निघाली. पत्रावळ्यांचं ठीक आहे, त्या मातीला जातील. पेल्यांचं काय? मी पदर खोचून गोळा करायला लागले तर एक बाई म्हणाल्या, ‘‘अहो राहू द्या हो, आमचे टूरवाले करतील.’’ टूरवाले तर बसमध्ये जाऊन बसलेले!

परतीला बापूला म्हटलं, ‘‘खन्ना निदान पाणी साफ तरी करतो रे. आणि आपण?’’

‘‘मग देणार वाडी?’’

‘‘नाही रे बाबा. ती विहीर बघितल्यावर नाही.’’

‘‘मग ठरलं तर.’’

‘‘वाडीचं ठरलं. रेखाचं कुठे ठरलंय? तिला तर ते वाडीशिवायही घेतील.’’ धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं, अशी माझी गत. बापू दिल्ली येईपर्यंत नुसता शिटी वाजवत होता.

घरी

स्टेशनवर ह्यांनी विचारलं, ‘‘काय मग?’’ मी म्हटलं, पाहुणे जेवू देत, मग सांगते. ह्यांना माझा चेहरा ओळखता येतो. रिक्षात हे एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे नाही.’’ आणि त्यानंतर घरापर्यंत समुद्राकडे बघत राहिले. ह्यांनाही वाईट वाटलं असणार. आमचंही वय झालं, हे काही खोटं नाही.

शेवटच्या पंगतीला सगळ्या बसल्या. रेखाही मुद्दाम आली होती, ती निराळी वेणी घालून. मी तलावापासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं. टँकरचं सांगितलं, सन्तरोचं सांगितलं. म्हटलं, वाडी द्यायची नाही असं मी ठरवलंय. मग पत्र्याची खोली सांगितली, दोघींमध्ये एक पलंग सांगितला. आणि शेवटी, आता हिचं समाधान होईल अशा खात्रीने, म्हटलं, ‘‘आणि कुसुम, इथल्या मुलींना ते इथे ठेवतच नाहीत गं. रेखाला त्यांनी तिकडे धाडली असती, मानेसरच्या पुढे.’’

रेखाचा हात ताटातच थांबला. ‘‘म्हणजे मला दिल्लीला पाठवणार होते, काकू?’’ तिचा चेहरा असा काही उजळला की मला कुठे बघावं कळेना. ‘‘आणि तिथे आठवड्याची सुट्टी असते?’’

‘‘असते,’’ मी म्हटलं.

कुसुमने भातावर ताक ओतलं, कालवलं, आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘काकू, विहीर तुमची. ती तुम्ही राखलीत, चांगलं केलंत. आमची घरंही तिच्यावरच आहेत. पण पोर माझी आहे. मी तुम्हाला काय बघायला सांगितलं होतं? तिथल्या मुली कशा होत्या, ते सांगा.’’

मला बीना दिसली. ते ओळीने वाळणारे मोजे, तापलेला पत्रा, आरशाची झालर, दोघींना एकदम फुटलेलं हसू.

‘‘हसत होत्या,’’ मी म्हटलं.

‘‘मग?’’ कुसुम म्हणाली.

मी आमटीचं पातेलं पुढे ओढलं. तळाशी एका वाटीपुरतीच उरली होती. ती मी रेखाला वाढली.